ओठाला मुंग्या

१ डिसेंबर, रविवार

हरलो. पण ते नव्हे.

दुर्गला रेवाची बास्केटबॉलची मॅच होती. सुधीर मालगाडी घेऊन गोंदियाच्या बाजूला, म्हणून मी एकटीच गेले, ग्लुकोजची बाटली पर्समध्ये. कोर्टावर उतरायच्या आधी तिने बोट टोचून पाहिलं, २६०. मॅचआधी चढतेच तिची शुगर, धास्तीने. डॉक्टर मॅडमनी कितीदा सांगितलंय, त्या आकड्यावर इन्सुलिन घ्यायचं नाही, खेळता खेळता तो आपसूक उतरतो. तिला पाठ आहे. तरी घेतलं. "थोडंसंच गं, आई."

तिसऱ्या क्वार्टरला बॉल हिच्या हातात, रिंगच्या जवळ. उजवीकडे दामिनी, पाचवीपासूनची मैत्रीण, टीममधली सगळ्यात बुटकी आणि सगळ्यात तोंडाळ. रेवा ओरडली, "दामिनी, लो!" दामिनीने दोन्ही हात पसरले. घे म्हणतेय ना. आणि ही बॉल देईचना. धरूनच उभी. समोरच्या पोरीने हातातून काढून नेला. लोक हसले.

"लो बोल के देती नहीं है!" दामिनी किंचाळली.

मला तेव्हाच कळलं. लो म्हणजे शुगर लो. घरी आम्ही असंच म्हणतो, लो आहे, हाय आहे. इथे बाहेर सगळं जग हिंदी बोलतं आणि लो म्हणजे घे.

पुन्हा ओरडली ती, "लो है, लो!" बेंचवरच्या पोरी उलट ओरडल्या, "ले, ले, ले!" त्यांना वाटलं शॉट घे म्हणायचंय. मी प्रेक्षकांच्या पायऱ्या उतरेपर्यंत रेवा मधल्या रेषेवर खाली बसली. पडली नाही. पंगतीला बसावं तशी मांडी घालून बसली, आणि आपण का बसलो हे तिला ठाऊक नव्हतं.

५२. बाटली अर्धी तिच्या शर्टावर.

२ डिसेंबर

कोच राव सर संध्याकाळी बोलले. ओरडले असते तर बरं होतं.

"मैडम, मैं समझा घमंड है. लो बोलती है, बॉल नहीं देती." मग, "जनवरी में ट्रायल मैच है. उसी से स्टेट की टीम बनेगी. मेरे कोर्ट पे दोबारा ऐसे बैठ गई तो मैं नहीं ले जाऊँगा. बाहर गाँव में मैं क्या करूँगा इसको लेके?"

त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

आणि ऐकताना मला आत कुठेतरी सुटल्यासारखं झालं. आता घरी राहील. डोळ्यांसमोर राहील. हे इथेच लिहिते, तिच्यासमोर म्हणणार नाही.

म्हणावं लागलंच नाही. ताटावर बसल्या बसल्या म्हणाली, "तू खुश है ना, आई? सच बोल."

"भांडायचं तर मराठीत भांड."

"मराठीत मला भांडता येत नाही."

४ डिसेंबर

सुधीर ड्युटीवरून आले. बूट काढता काढता, "काय वं, दोघी काहाले तोंड फुगवून बसल्या?"

सगळं सांगितलं. "लो"वर आधी हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग कप खाली ठेवला. चहा निवाला. "रेवू, गाडीत असा शब्द नाही चालत, बाप्पा. एका शब्दाचे दोन अर्थ झाले का गाडी गेलीच समज."

"बाबा, मैं मालगाडी नहीं हूँ."

"मालगाडीच हाय तू. थांबाले लय वेळ लागते तुले."

हसली. दोन दिवसांनी.

मी विचारलं तिला, खेळायचंय का? विचारायला नको होतं. म्हणाली, "पूछ मत. मदत कर."

ठीक. मदत.

६ डिसेंबर

सकाळी प्रॅक्टिस. पोहे आधी, इन्सुलिन निम्मं, निघताना केळं. परत आल्यावर १३४. ती वहीत लिहीत नाही, फोनमध्ये टाकते. मी इथे लिहिते, कारण हा आकडा मला आवडला.

८ डिसेंबर, रविवार

दामिनी आली कोहक्याला आमच्याकडे. आल्या आल्या गच्चीवर दोघींची आधी भांडाभांडी, मग खाली येऊन मुर्र्याचा, म्हणजे मुरमुऱ्याचा, लाडू अर्धा अर्धा. (रेवाने अर्ध्याचा हिशेब करून इन्सुलिनचं पेन टोचलं. दामिनी आता तिकडे बघतसुद्धा नाही.)

मग दामिनी एकदम मास्तरीण झाली. "सबसे पहले क्या होता है तेरे को? बैठ जाने से पहले. एकदम पहले."

रेवा विचार करत राहिली. हात थरथरतात ते नंतर. भूक नंतर. चिडचिड तर तिची नेहमीचीच. "पहले ना... होंठ पे... आई, मुंग्या येतात त्याला हिंदीत काय?"

मी शाळेत हिंदी शिकवते. केस पिकायला लागले शिकवता शिकवता. म्हटलं, झुनझुनी.

"नाही गं. झुनझुनी पैर में होती है, बैठे बैठे. हे मुंग्या आहे. बारीक. चालतात ओठावर."

माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता. इतकी वर्षं काय शिकवलं कोण जाणे.

दामिनी म्हणाली, "मुनगा?"

शेवग्याच्या शेंगा! इथे मुनगाच म्हणतात. रेवा हसून पलंगावर आडवी. "मुनगा नहीं रे, मुंगी! चींटी!"

"अच्छा... चांटी मन आथें तोर होंठ म? सक्कर खोजे बर?" रागावली की आणि लाड आले की दामिनी छत्तीसगढीत जाते. (साखर शोधायला मुंग्या येतात का तुझ्या ओठावर, असं.) मग टाळी वाजवून, "बस. हो गया. मुंगी बोलना तू. लो-वो बंद. सामने वाली टीम के बाप को भी समझ में नहीं आएगा."

रेवा माझ्याकडे बघत होती. ही तीच मुलगी, जी मैत्रिणी बरोबर असल्या की फोनवर मला "हाँ मम्मी" म्हणते. आई नाही. मम्मी.

१३ डिसेंबर

कोर्टावर मुंगी पोचली.

दामिनी मुंगी म्हणते ते बरोबर म्हणते. शीबा, ती उंच मल्याळी पोर, मुंघी म्हणते. एकजण मुंगईऽ, गाणं म्हटल्यासारखं. आज नुसती तालीम होती. रेवाने हात वर करायचा, ओरडायचं, जवळच्या दोघींनी तेच ओरडायचं, म्हणजे बेंचपर्यंत पोचतं.

राव सरांनी शिट्टी मारून थांबवलं. "ये मुंगी कौन है? नई लड़की आई क्या?"

पोरी लोळल्या हसून. दामिनीने समजावलं. सर ऐकत होते, टोपी काढून डोकं खाजवत. मग म्हणाले, "ठीक है. मुंगी सुनूँगा तो सीटी मारूँगा. लेकिन बोलना इसको पड़ेगा. खुद. मैं दस लड़कियों का खेल देखूँ कि इसका होंठ देखूँ?"

बरोबर. बोलायचं तिला. म्हणजे प्रश्न शब्दाचा नव्हताच. शब्द मिळाला. आता तो तोंडातून काढायचा, आणि तोही खेळ रंगात असताना, जेव्हा न बोललं तरी अजून एक बास्केट होऊ शकते.

१९ डिसेंबर

डॉक्टर मॅडमकडे. मी बॅगेत शेंगदाण्याची चिक्की ठेवत होते, मोठ्या कौतुकाने. त्या म्हणाल्या, लो असताना चिक्की नको, लाडू नको. दाण्यातलं तेल साखरेला अडवून धरतं, चढायला उशीर. नुसती साखर द्या, झटकन विरघळणारी.

नुसती साखर म्हणजे काय द्यायची, चमचा चमचा? रेवाच म्हणाली, "बत्तासे." देवळात मिळतात ते. तोंडात टाकला की गेला. बाजारातून पिशवीभर आणले. दुकानदार, "कथा है क्या, दीदी?"

म्हटलं, हो. रोजची.

२४ डिसेंबर

आज मी वाईट केलं.

प्रॅक्टिसला जाळीबाहेर उभी होते, शाल लपेटून. रेवा ओठावरून जीभ फिरवताना दिसली. एकदा, परत एकदा. वाट पाहिली, बोलेल. बोलेना. मी जाळी धरून ओरडले, "मुंगी!"

सगळ्या थांबल्या. सरांनी शिट्टी मारली. रेवा आली, सगळ्यांसमोर बोट टोचलं. ११८.

ओठ फुटले होते तिचे. थंडीने.

राव सर म्हणाले, "मैडम, आप भी किट पहन के आ जाइए, एक लड़की कम है." पोरी हसल्या. ती हसली नाही. मशीन बॅगेत टाकताना हळूच म्हणाली, "आई, ओठ माझे आहेत."

मराठीत.

२५ डिसेंबर

बोलत नाही. व्हॅसलिनची डबी तिच्या टेबलावर ठेवून आले. उचलली, एवढंच.

२७ डिसेंबर

सुधीर फोनवर. मी रडले थोडी. ते म्हणाले, "अवं, ड्रायव्हर पुढं रायते, गार्ड मागं रायते. मागच्यानं पुढच्याच्या हातावर हात ठेवला तं चालन का?"

म्हटलं, मग गार्ड करतो काय?

"जागा रायते." मग फोनवर कुणाशी तरी बोलले, सिग्नल मिळाला होता, ठेवला.

रेवाला सांगितलं, कोर्टाबाहेरून मी परत ओरडणार नाही. "पक्का?" "पक्कं." "लो असलं तरी?" हे अवघड होतं. म्हटलं, बसलीस तर धावत येईन. बसेपर्यंत गप्प.

तिच्या बोटांवरचे टोचण्यांचे ठिपके बघत होते. प्रत्येक बोटाच्या कडेला मिरी ठेचल्यासारखे.

५ जानेवारी

मुंगी म्हणायची वेळ न येता पाच-सहा प्रॅक्टिस नीट. एकदा बोलली. खरंच उतरली होती. बत्तासे खाल्ले, बसली, परत उतरली मैदानात. दामिनीने येऊन सांगितलं, मला नव्हतं दिसलं. मी आता जाळीपाशी उभी राहत नाही, झाडाखाली बसून पेपर तपासते. एका पोराने "चींटी के पर निकलना"चा वाक्यात उपयोग केलाय, "बरसात में चींटी के पर निकले और वह उड़ गई." पूर्ण मार्क दिले. अर्थ चूक (मरण जवळ येणं असा हवा), पण दिले.

पण परवा दामिनी हेही म्हणाली, "आंटी, प्रैक्टिस में बोलती है. मैच में बोलेगी क्या, पता नहीं." तिलाही तेच वाटतं तर.

१४ जानेवारी, संक्रांत

पद्मनाभपुरला मंगलाताईंकडे हळदीकुंकू. सुधीरच्या थोरल्या बहीण, शब्द झेलायला कुणी नसलं तर भिंतीला बोलतात. रेवाला बळेच नेलं. ट्रॅकपँटवर कुर्ता घालून आली.

सगळ्या बायका बसलेल्या, ताईंनी तिळगुळाचं ताट फिरवता फिरवता मोठ्यांदा, "आमच्या रेवाले नका देऊ वं कोणी. शुगर हाय तिले, बिचारीले."

ती बिचारी उठली, ताटातला लाडू घेतला, तळहातावर तोलून पाहिला, पेन काढलं, कुर्ता कोपऱ्याने उचलून पोटाला टोचलं, आणि लाडू खाल्ला.

"अवं माय! सगळ्यायसमोर सुई?"

"आत्या, सगळ्या बायकाच तं हाय."

कोपऱ्यातल्या आजी फिसकन हसल्या. मंगलाताई काही कमी नाहीत. "हसा. उद्या लग्नाच्या वेळेस कोन इचारन तवा समजन."

"आधी रविवारी टीममध्ये कोन इचारते ते पाहू दे मले."

इतकं अस्सल नागपुरी ती कधी बोलते? मला येत नाही तसं. बाबांची आहे ती. निघताना ताईंनीच एक पुडा हातात कोंबला, "घे, तुया त्या पोट्ट्यायले. अन् तुह्यासाठी दोन हाय त्यात, मोजून खाय."

१८ जानेवारी

उद्या.

संध्याकाळी बॅग भरली. मशीन, पट्ट्या, पेन, पाणी, बत्तासे कागदाच्या पुडीत, जादा मोजे. तिची तिने भरली, मी नुसती पाहिली. म्हणाली, "प्राची है ना, वो लंबी वाली. मेरी जगह के लिए वही है. मी बाहेर आले की ती आत." आणि बॅगेची चेन ओढली.

१९ जानेवारी, रविवार

आधी आकडा. २४०. तिने मशीन माझ्याकडे वळवून दाखवलं. पेन बाहेर काढलंच नाही. दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसली, हातांनी काही करू नये म्हणून. म्हणाली, "उतरेल." मी म्हटलं, उतरेल.

सुंदर खेळली. मला बास्केटबॉल अजून पुरता कळत नाही, पण सुंदर काय ते कळतं. दामिनी पायांतून घुसून बॉल आणायची आणि न बघता वर फेकायची, आणि रेवा तिथे असायची.

शेवटच्या क्वार्टरला दोन पॉइंट मागे. जीभ ओठावरून. मला व्हॅसलिन आठवलं. सकाळी लावलं होतं तिने, मी पाहिलं होतं. पुन्हा जीभ. डाव्या हाताच्या मागच्या बाजूने ओठ चोळले. मी शालीचं टोक तोंडात धरलं. खरंच धरलं, दातांत. लोकरीची चव अजून आहे.

बेंचवर प्राची बसलेली, पाय हलवत.

बॉल आला. रेवाने घेतला, उडी, आत. बरोबरी. टाळ्या. सगळे उभे राहिले, मी बसूनच. आता कशाला बोलेल? आता कुणी बोलेल का? राव सर टोपी काढून हातात धरून उभे.

तिचा हात वर गेला.

"मुंगी!"

बारीक आवाज. पण स्वच्छ. मग दामिनीचा, "मुंगीऽ!" मग शीबाची मुंघी. ट्रायल असल्यामुळे समोरच्याही जिल्ह्यातल्याच पोरी, त्यांनाही माहीत झालेलं, त्यातल्याही दोघी ओरडल्या. शिट्टी.

चालत आली. स्वतःच्या पायांनी. ६४. बत्तासे पुडीत चुरा झाले होते, तो चुराच तोंडात ओतला, अर्धा हनुवटीवर. प्राची आत गेली. गेल्या गेल्या तिने बास्केट केली. रेवाने टाळ्या वाजवल्या, हातांवरची साखर उडाली.

थांबून परत पाहिलं. सर न वळता म्हणाले, "कितना?"

"बानवे, सर. चढ़ रहा है."

त्यांनी घड्याळ पाहिलं. पाठवलं नाही. मॅच संपली.

निघताना माझ्याजवळून गेले, एकच शब्द म्हणाले. "बोली." शाबासकी होती की नुसतीच नोंद, त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल तर शपथ. यादी उद्या दुपारी लागेल म्हणे.

स्कूटरवर रेवा मागे. फाटकाला थांबलो, मालगाडी जात होती, संपता संपेना. तेव्हा म्हणाली, "स्टेट गेलं असेल."

"गेलं असेल."

"दोन मिनट और रुक जाती तो?"

"तर मी धावत आले असते."

शेवटचा डबा गेला. मागे गार्ड उभा होता. ओळखीचा नव्हता, तरी तिने हात केला. त्याने झेंडीचा हात थोडा वर केला. मग तिने माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवली. चिकट होती, साखरेची.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी पोळ्या लाटत होते. आतून हाक, "आई! मुंग्या आल्या!"

तशीच धावले, पिठाच्या हातांनी, डाव्या हातात साखरेचा डबा. रेवा खोलीच्या मधोमध उभी, धडधाकट, बॅगेकडे बोट दाखवत.

खऱ्याच. बत्ताशाच्या चुऱ्याला लागलेल्या. बॅगेच्या चेनमधून रांग निघून खुर्चीच्या पायावरून खिडकीत. मोज्यात, पट्ट्यांच्या डबीवर, सगळीकडे. मी डबा धरून उभी, ती माझ्याकडे बघून जी हसायला लागली. मग मीही. सुधीर रात्रपाळी करून झोपले होते, ते दारात आले. "का झालं वं? कावून ओरडून राहिल्या?" आम्हाला सांगता येईना.

बॅग गच्चीवर उन्हात उलटी करून झटकली. पट्ट्या कोरड्या कापडाने पुसल्या. मुंग्यांना तिने मारू दिलं नाही. "रहने दे. अपनी टीम की हैं."

यादी अजून लागायची आहे. दामिनीचा दोनदा फोन, काही लागलं का म्हणून. तिलाही ठाऊक की यादी कोर्टावर लागणार, इथे कोहक्याला आमच्या भिंतीवर नाही.

लोणच्याची छोटी बरणी घासून, वाळवून दिली, फिरकीच्या झाकणाची. रेवाने त्यात नवे बत्तासे भरले, झाकण घट्ट केलं, कानाशी नेऊन हलवून पाहिलं. बॅगेत ठेवली.

"आज तर सुट्टी दिलीय ना सरांनी?"

"दी है," म्हणाली. बूट बांधत होती.